पळू द्या की त्याला, टीव्हीसमोर का होईना

माझा भाचा जन्मला तेव्हा त्याचं आतडं छातीत होतं. जठर वर, प्लीहा पण वर. ऐकणाऱ्याला खोटं वाटतं पण असं होतं, आणि दर अडीच-तीन हजार जन्मांमागं साधारण एका बाळाला होतं, म्हणजे वाटतं तेवढं दुर्मिळ पण नाही. छाती आणि पोट यांच्या मधे जो पडदा असतो, डायफ्राम, तो आईच्या पोटात आठव्या-दहाव्या आठवड्यापर्यंत पूर्ण बंद व्हायला पाहिजे. काही बाळांत एका बाजूला भोक राहतं, जास्त करून डावीकडं, आणि पोटातलं सगळं त्या भोकातनं वर सरकतं आणि तिथं फुफ्फुसाला वाढायला जागाच उरत नाही. डॉक्टर लोक सीडीएच म्हणतात. भोक मागच्या बाजूला असलं तर त्याला बॉकडालेक हर्निया म्हणायचं, १८४८ साली त्यावर लिहिणाऱ्या प्रागच्या एका डॉक्टरच्या नावावरनं. आमच्याकडं गावात सगळे 'पोटातला पडदा फाटला होता' असंच म्हणतात. फाटला नव्हता, शिवलाच गेला नव्हता, पण किती जणांना सांगत बसणार.

आमचा बंट्या (हे घरातलं नाव, शाळेतलं वेगळं आहे) आता दुसरीत आहे. ताईचं सासर औसा तालुक्यात, किल्लारीच्या पट्ट्यात, आणि माझं लातूरला गंजगोलाईच्या जवळ कॉम्प्युटर-मोबाईल रिपेअरचं दुकान. हे सांगायचं कारण पुढं येईलच.

पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत कळलं होतं म्हणून बाळंतपण मुद्दाम मोठ्या शहरात केलं. ते लै बरं झालं. कारण असं बाळ जन्मल्या जन्मल्या रडत नसलं तरी तोंडावर मास्क लावून हवा दाबायची नसते, ती हवा जठर-आतड्यात जाते, आणि तेच छातीत असल्यामुळं आतडं फुगतं आणि आहे तेवढं फुफ्फुस पण दबतं. सरळ घशात नळी टाकतात. तिथल्या डॉक्टरांना आधीपासून माहीत होतं म्हणून त्यांनी तसं केलं. दुसरं म्हणजे आम्हाला सगळ्यांना वाटायचं की भोक आहे तर लगेच शिवा की, कशाची वाट बघायलेत. १९४६ साली बोस्टनमधे रॉबर्ट ग्रॉस नावाच्या सर्जननं एका दिवसाचं पण नसलेल्या बाळाचं हे ऑपरेशन यशस्वी करून दाखवलं, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं सगळीकडं घाईघाईनंच करायचे. आता तसं करत नाहीत, आधी बाळाचा श्वास, फुफ्फुसातलं प्रेशर, हे जरा स्थिर होऊ देतात आणि मग शिवतात. बंट्याचं भोक मोठं होतं, नुसते टाके पुरले नाहीत, म्हणून पॅच बसवला. म्हणजे जाळी म्हणा.

ऑपरेशन झालं, लेकरू वाचलं, गावात पेढे वाटले. सगळ्यांच्या हिशोबानं विषय संपला.

खरं सांगायचं तर तिथनं विषय सुरू होतो, आणि हे आमच्याकडं कुणी नीट बसवून सांगत नाही. भोक बुजवलं म्हणून फुफ्फुस रातोरात मोठं होत नाही ना. ते लहानच राहिलेलं असतं, त्या बाजूचं जास्त, आणि दुसऱ्या बाजूचं पण थोडं. चांगली गोष्ट ही की फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या जन्मानंतर पण तयार होत राहतात, पहिली दोन-तीन वर्षं जोरात आणि त्यापुढं पण काही वर्षं हळूहळू. म्हणजे भरून निघायला वाव असतो. पण नुसतं वय वाढलं म्हणून दम वाढतोच असं नाही. नेदरलँड्समधे रॉटरडॅमच्या डॉक्टरांनी अशा मुलांना वर्षानुवर्षं बोलवून तपासलं, तर मुलं मोठी होतात तशी व्यायामाची ताकद त्यांच्या वयाच्या इतर पोरांच्या मानानं मागं पडत जाते असं दिसलं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २००८ मधेच लिहून ठेवलंय की या मुलांचं वजन, रिफ्लक्स म्हणजे पोटातलं आंबट वर घशाकडं येणं, कान, पाठीचा कणा, फुफ्फुस, सगळं पुढं कितीतरी वर्षं बघत राहायचं. आणि पॅच तर लेकराबरोबर वाढत नाही, लेकरू वाढतं आणि पॅच तेवढाच राहतो, त्यामुळं तिथं परत उसवायची भीती असतेच.

आता आमच्या घरातली गोष्ट. घरात दिवसभर एकच वाक्य, "बंट्या, पळू नको रे, दम लागंल." ताईच्या सासूबाई, मी त्यांना मावशी म्हणतो, त्यांचं तर हे जपासारखं चालू. त्यांचं चुकत नव्हतं हो. काचेच्या पेटीतलं, नळ्या लावलेलं लेकरू ज्या बाईनं बघितलंय ती दुसरं काय म्हणणार. पण त्याचा हिशोब असा होतो की लेकरू पळत नाही, म्हणून पायात आणि श्वासाच्या स्नायूत ताकद येत नाही, म्हणून थोडं जरी पळालं तरी दम लागतो, आणि दम लागला की सगळे म्हणणार बघा म्हणलं होतं ना. शाळेत कबड्डी चालू असली की हा कडंला बसून सगळ्यांच्या चपला सांभाळणार. पीटीच्या सरांना पण ताईनं चिठ्ठी दिलेली. दम लागणं म्हणजे काहीतरी वाईट व्हायला लागलंय, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. जरा श्वास वाढला की छातीवर हात ठेवून खाली बसायचा. सर्जननी तपासून, एक्स-रे इको सगळं बघून, स्पष्ट सांगितलेलं की खेळू द्या. कोण ऐकतंय.

लातूरच्या फिजिओ मॅडमकडं जायला लागलो तेव्हा आधी ते तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं खेळणं दिलं. कोरोनात कितीतरी घरात आलं होतं ते. ते फुंकायचं नसतं, आत ओढायचं असतं, हे अर्ध्या लोकांना अजून माहीत नाही. पहिली गोळी ६००, दुसरी ९००, तिसरी १२००, म्हणजे सेकंदाला किती सीसी हवा ओढली ते. मोठ्या माणसासाठी बनवलेल्या वस्तूवर सात-आठ वर्षांचं लेकरू तिसरी गोळी कशी उचलणार? पहिली हलायची, दुसरी जरा थरथरायची, तिसरी ढिम्म. थोडे दिवस केलं त्यानं, मग ते खेळणं ताईला धान्याच्या कोठीमागं सापडलं. लपवलं होतं पठ्ठ्यानं.

मग मॅडमच म्हणाल्या, "दादा, तुमचं कॉम्प्युटरचं दुकान आहे ना, तुम्हाला त्या व्हीआर गेमचं काही माहीत आहे का? बाहेर अशा पोरांना त्याच्यावर व्यायाम देतात."

माहीत होतं म्हणजे काय, गिऱ्हाईकं येऊन विचारतात म्हणून माहीत होतं. आणि माझं मत फार चांगलं नव्हतं. डोळ्यांसमोर खोटं जग दाखवणारा डबा डोक्याला बांधायचा आणि भिंतीला धडकायचं. शिवाय एका मोठ्या शहरातल्या सेंटरवाल्यानं ताईला फोनवर जे पॅकेज सांगितलं होतं, त्यात औशाला एक प्लॉट आला असता (बरं प्लॉट नाही, पण बोअर तरी पडला असता). तपासणी न करता, लेकराचं वय न विचारता, आधी पैसे भरा. अशा माणसाला मी दुकानात चार्जर पण विकणार नाही.

मग जरा वाचलं. व्हीआर म्हणजे फक्त डोक्याचा डबा नाही. डबा आहेच, पण त्यातला जो जास्त चालायचा तो क्वेस्ट २ पाचशे ग्रॅम वजनाचा, आणि कंपनीच म्हणते की दहा वर्षांखालच्या मुलांना नाही. २०२३ च्या आधी तर तेरा होतं. आठ वर्षांच्या मानेवर अर्धा किलो, वर काहींना त्यात चक्कर-मळमळ, आणि या मुलांत पुष्कळांना रिफ्लक्स असतो, म्हणजे ओकारीला आमंत्रण. पण दुसरा प्रकार आहे ज्यात समोर टीव्ही आणि त्याच्याखाली एक कॅमेरा असतो जो आपलं अंग ओळखतो, हातात काही धरायचं नाही, डोक्याला काही लावायचं नाही, आपण हललो की टीव्हीतला माणूस हलतो. एक्सबॉक्स नावाचं टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन असतं, त्याचा हा कॅमेरा म्हणजे किनेक्ट. २०१० मधे आला आणि २०१७ मधे कंपनीनं बनवायचं बंदच केलं, म्हणजे नवीन मिळत नाही पण जुना स्वस्तात मिळतो, आणि जुनं स्वस्तात मिळवणं हा तर आमचा धंदाच. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या याच्यासाठी हेच बरं.

यावर अभ्यास पण झालेत. २०१५ मधे ब्राझीलच्या लोकांनी दम्याच्या मुलांचे दोन गट केले, एकाला ट्रेडमिल आणि दुसऱ्याला हाच किनेक्टचा खेळ, आणि दोन्ही गटांना फायदा झाला. म्हणजे खेळ ट्रेडमिलच्या तोडीस उतरला. दमा वेगळा आणि पडदा वेगळा, ते मान्य, पण पोरगं ट्रेडमिलवर किती दिवस टिकंल आणि खेळावर किती दिवस, ते सांगायला ब्राझीलला जायची गरज नाही.

अजून एक जुनी गोष्ट वाचली ती डोक्यात राहिली. अमेरिकेत सिएटलला वॉशिंग्टन विद्यापीठात १९९६ च्या सुमारास हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी भाजलेल्या पेशंटचं दुखणं व्हीआरनं कमी करायचं काम सुरू केलं आणि पुढं त्यांच्यासाठी बर्फाचं एक खोटं जग बनवलं, ड्रेसिंग चालू असताना पेशंट त्यात स्नोमॅन आणि पेंग्विनवर बर्फाचे गोळे मारत बसायचा, आणि दुखणं कमी जाणवायचं. कारण माणसाचं लक्ष एका वेळी एवढंच असतं, ते तिकडं गेलं की इकडं कमी पडतं. बंट्याचं दुखणं म्हणजे दमाचं भ्याव. तेच सूत्र.

तर सेटअप. भूकंपानंतर बांधून मिळालेलं घर, पुढची खोली छोटी. किनेक्टला एका माणसासाठी कॅमेऱ्यापासून साधारण सहा फूट लागतात, दोघांना आठ. दिवाण बाहेर काढला, शिलाई मशीन बाहेर काढली, तरी पाय दिसंनात, म्हणून टीव्ही कोनाड्यात मागं सरकवला. मग दुसरी भानगड. हा कॅमेरा डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशावर चालतो, आणि दारातनं ऊन आलं की आंधळा होतो. आमच्याकडं उन्हाला काय तोटा? दाराला गोधडी टांगली तेव्हा कुठं चाललं. लाईट गेली की अर्थातच सगळं बंद, त्यात तर मी पण काही करू शकत नाही. आणि मावशी मधनंच पाण्याची कळशी घेऊन गेल्या की मशीन त्यांनाच खेळाडू धरायचं, टीव्हीवर एकदम दुसरा माणूस उगवायचा आणि कळशीसकट डोलायचा. मावशींना आधी ते भूताटकीचं वाटलं. नंतर मुद्दाम मधनं जायला लागल्या.

खेळ कसले तर एकात तराफ्यावर उभं राहून नदीतनं जायचं, डावीकडं सरका, उजवीकडं सरका, उडी मारा. यानं पाय आणि कंबर चालते, श्वास वाढतो. दुसऱ्यात आपण समुद्राखाली एका काचेच्या खोलीत असतो, बाहेर मासे येऊन काचेला धडकतात आणि भोकं पडतात, ती भोकं हातानं, पायानं, डोक्यानं दाबून बुजवायची. मॅडमना हा जास्त आवडला कारण दोन्ही हात वर ताणून एकदम वेगवेगळ्या कोपऱ्यात न्यावे लागतात, छातीच्या बरगड्या उघडतात, आणि ऑपरेशनची जी डावी बाजू तो कायम आखडून धरायचा ती त्याच्या नकळत ताणली जाते. नुसतं 'डावा हात वर कर' म्हणलं की तोंड वाकडं करणारा पोरगा इथं टाचा उचलून वरच्या भोकाला पोचायलाय. एकदा खेळता खेळता मधेच थांबला, शर्ट वर केला, व्रणावर बोट ठेवलं आणि मला म्हणाला, "मामा, माझ्या पोटात पण असंच बूच लावलंय ना?" हो म्हणलं. "मग ते निघंल का उड्या मारल्यावर?"

हा प्रश्न तो किती दिवस डोक्यात घेऊन फिरत होता कुणास ठाऊक. आम्ही सगळे दमाचं बोलत होतो आणि हा बूच निघायच्या भीतीनं बसून राहायचा. मी काही डॉक्टर नाही, म्हणून पुढच्या खेपेला मॅडमसमोर त्यालाच विचारायला लावलं. मॅडमनी त्याला समोर बसवून सांगितलं की पॅचच्या चारी बाजूनं टाके आहेत, त्याला आता वर्षं झाली, आतनं भरून आलंय, सर्जननी उड्या मारायला परवानगी दिलीय, आणि काही गडबड वाटली तर एक्स-रे काढून बघता येतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मग झाडावर चढू का. नाही, ते अजून नाही.

हे वाचून कुणी उद्या लेकराला टीव्हीसमोर उभं करू नका, त्याला एक पद्धत आहे. जेवल्या जेवल्या खेळायचं नाही, ते रिफ्लक्समुळं. आधी हळू हातपाय हलवायचे, मधे जोराचा खेळ, मग परत हळू. थोडा वेळ जोरात, थोडा वेळ विसावा, असं. खेळाच्या नादात दम विसरतो हा जसा फायदा आहे तसा धोका पण तोच आहे, त्याला थांबायचं भान राहत नाही, ते आपण ठेवायचं. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरात होताच, पण तो हलत्या बोटावर काहीही आकडा दाखवतो, म्हणून थांबल्यावर, बोट स्थिर झाल्यावर बघायचं, आणि मॅडमनी त्याच्यासाठी जो आकडा ठरवून दिलाय त्याच्या खाली गेलं की त्या दिवशीचा खेळ बंद. दुसरी परीक्षा पाढ्याची. खेळता खेळता मी विचारतो, सात पाचा? त्यानं 'पस्तीस' म्हणायला पाहिजे, 'सात सक बेचाळीस' पण म्हणायला पाहिजे, पण सगळा पाढा न थांबता म्हणता येत असला तर तो आळस करायलाय. आणि एकच आकडा म्हणून तोंड उघडं पडलं तर जास्त झालं. यात पाढे पण पाठ व्हायलेत हा ताईचा फायदा.

फरक पडला का? मोजायला दवाखान्यात सहा मिनिटं चालायची टेस्ट असते, लांब सरळ व्हरांडा, नियमानं ३० मीटर, दोन टोकांना खुणा, आणि सहा मिनिटांत किती मीटर चालला ते लिहायचं. त्यात सुधारणा आहे, मॅडम खुश आहेत, त्याची स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून फुफ्फुसाची ताकद मोजायची टेस्ट, अजून म्हणावी तशी हललेली नाही, आणि ती एवढ्यात हलंलच असं त्या पण म्हणत नाहीत. जे हललंय ते वेगळं आहे. दम लागला की आता तो खाली बसत नाही, कंबरेवर हात ठेवून उभा राहतो आणि ओठाचा चंबू करून हळू श्वास सोडतो, तसं शिकवलंय. आणि शाळेतनं तक्रार आली की मारामारी केली. ताई रडवेली होऊन फोनवर सांगत होती आणि मला आतनं भारी वाटत होतं, पण मामानं असं बोलून दाखवायचं नसतं.

मशीनचं कौतुक एका मर्यादेतच आहे माझ्या मनात. ते मैदानाच्या बदली नाही. पण मैदानात पोरं चिडवतात, हरलं की रडू येतं, आणि सोयाबीनची रास चालू झाली की गावभर जो भुसा उडतो त्यात धडधाकट माणूस खोकतो. तेवढे आठवडे आणि मे महिन्यातल्या दुपारी, जेव्हा बाहेर पाठवायची सोयच नसते, तेव्हा गोधडी टांगलेली ती खोली कामाला येते. अंगणवाडी-शाळेत आरोग्य तपासणीची गाडी येते, राष्ट्रीय बाल स्वास्थ्यवाली, ती २०१३ पासून आहे आणि अठरा वर्षांपर्यंतच्या पोरांना बघते, चांगली योजना आहे. पण त्यांच्या जन्मजात दोषांच्या यादीत जे नऊ आजार आहेत त्यात हृदय आहे, टाळू आहे, वाकडे पाय आहेत, पडदा नाही. तरी त्या गाडीतल्या डॉक्टरांना ताईनं फाईल दाखवली आणि त्यांनी शाळेसाठी लिहून दिलं की पीटीला बसू द्या, दम लागला तर थांबू द्या. ती जुनी चिठ्ठी सरांकडनं परत घेतली.

आता मुद्द्याचं. मॅडमकडं अजून दोन-तीन लेकरं आहेत, एक याच्यासारखंच, बाकीची दम्याची, आणि मला त्यांच्यासाठी सेट लावून द्यायचेत. कुणाच्या घरी एक्सबॉक्स ३६० आणि किनेक्ट धूळ खात पडला असंल तर कळवा, योग्य भावानं घेतो. कळवण्याआधी एवढं बघून ठेवा. जाड जुना एक्सबॉक्स असंल तर किनेक्टला वेगळा पॉवर ॲडॉप्टर लागतो, तो हरवलेला नको, सडपातळ मॉडेलला लागत नाही. खेळाची सीडी असंल तर सोन्याहून पिवळं, कारण एक्सबॉक्स ३६० चं ऑनलाईन दुकान २०२४ च्या जुलैमधे बंद झालंय, आता नवीन विकत घेऊन उतरवता येत नाही. आणि कॅमेऱ्याची खालची मोटर हातानं जोरात फिरवू नका, दातरे तुटतात, मग तो मान खाली घालून बसतो आणि लेकराचं डोकंच दिसत नाही. तेवढं एक रिपेअरचं काम मला अजून नीट जमलेलं नाही.